भक्त आणि भात

भक्त आणि भात ही सख्खी भावंडं आहेत, असं म्हटलं तर कीर्तनाला बसलेले चपापतील. पण व्युत्पत्ती तेच सांगते. संस्कृतात ‘भज्’ म्हणजे वाटणं, वाट्याला येणं. त्यातूनच ‘भाग’ आला, शाळेत छळणारे भाज्य-भाजक आले आणि वेगळी चूल मांडणारं ‘विभक्त’ कुटुंबही आलं. ‘भक्त’ही याच धातूचा. त्याचा एक अर्थ अन्न, शिजवलेला तांदूळ. प्राकृतात त्याचं ‘भत्त’ झालं आणि मराठीच्या ताटात ‘भात’. देवाला वाहून घेतलेला माणूस तेवढा संस्कृतच्या सोवळ्यात राहिला.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत, चौथ्या अध्यायात, ज्याची ज्यावर भक्ती त्यावरून त्याला काय म्हणावं याची सूत्रं आहेत. वासुदेवावर भक्ती असलेला तो ‘वासुदेवक’. त्याच प्रकरणात टीकाकार उदाहरण देतात ‘आपूपिक’ आणि ‘पायसिक’: घारग्यांसारख्या अपूपांवर जीव असलेला आणि खिरीवर जीव असलेला. देवाचा वेडा नि खिरीचा वेडा व्याकरणाने एकाच पंगतीला बसवले! मला तरी यात काही वावगं दिसत नाही.

हल्ली ‘भक्त’ म्हटलं की ‘कुणाचा?’ असं आधी विचारतात आणि पुढे ‘अंध’ जोडून तो तोंडावर फेकतात. वारकऱ्याचं बरं आहे. शेतकरी, गावकरी, तसा वारकरी. मनात भाव किती, हे त्या शब्दाला विचारायचंच नसतं. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री यांतली आपली वारी चुकवली नाही ना, एवढंच तो बघतो. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून माळकरीही म्हणतात.

वाटेत मुक्कामाला दिंडीची पंगत बसते. पत्रावळीवर भात पडतो, बोटांनी त्याचं आळं करायचं, त्यात आमटी. वाढणारा वाकून म्हणतो, “माउली, घ्या अजून.” नको म्हणणाराही त्याला माउलीच म्हणतो. एकादशीला मात्र हाच भात वर्ज्य! भक्ताला भात चालत नाही असा तो दिवस. द्वादशीला उपास सुटतो, तरी आषाढीची वारी तिथे संपत नाही. पौर्णिमेला दिंड्या गोपाळपूरला जातात, तिथे लाह्या-दह्याचा काला होतो, सगळ्यांना वाटला जातो आणि मगच पालख्या परतीला लागतात.