गोड वासाची डोंबिवली फास्ट

वास म्हणजे केमिस्ट्री, हे डोंबिवलीकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. एमआयडीसीकडून वारा सुटला की खिडक्या आपोआप लागतात. २०१४ चा हिरवा पाऊस आणि २०२० चा गुलाबी रस्ता टीव्हीवर गाजले. तेव्हापासून ऑफिसात 'कुठे राहतेस?'चं उत्तर दिलं, की कुणीतरी नाकाला रुमाल लावायची अॅक्टिंग करतोच. म्हणूनच की काय, मला चांगल्या परफ्युमची हौस जरा जास्तच!

त्यातही क्रेझ 'गुर्माँ' परफ्युमची. म्हणजे खाऊसारखे वास: व्हॅनिला, कॅरॅमल, चॉकलेट. हा ट्रेंड रुजवला १९९२ मध्ये आलेल्या थिएरी म्युगलरच्या 'एंजल'नं. त्यातली जादू इथिल माल्टॉल या केमिकलची. वास कसा? थेट जत्रेतल्या 'म्हातारीच्या केसां'चा! वर पचौलीची मातकट फोडणी.

गंमत अशी, की हा माल सोन्याच्या भावाचा नाही. व्हॅनिलाचा वास देणारं कृत्रिम व्हॅनिलिन तर आईस्क्रीम-बिस्किटांतही असतं. आपण हजारो रुपये मोजतो, त्यात बाटली, जाहिरात आणि शोरूमचा एसीही आला. शिवाय नावाला कायद्याचं संरक्षण मिळतं, वासाला सहसा नाही. त्यामुळे 'त्याच्यासारखं' बनवायला वाव भरपूर.

माझा फंडा सोपा: अत्तराच्या दुकानातली व्हॅनिलाची छोटी रोल-ऑन बाटली. एका पिझ्झाच्या पैशात महिनोन् महिने चालते. स्प्रेमधलं अल्कोहोल भर्रकन उडतं आणि वास चौफेर फेकतं. तेलातलं अत्तर मात्र अंगालगत राहतं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, जिथे शेजारणीचं नाक आपल्या खांद्यावर असतं, तिथे हा मोठाच गुण! फक्त आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस थांबा. खाज सुटली तर बाटली ड्रेसिंग टेबलावरच शोभेल. आणि कपड्यांवर नको, तेलाचा डाग पडतो.

'स्वस्तातला वास' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक माहिती. याच सेंट्रल लाइनवरच्या मुलुंडची एस. एच. केळकर कंपनी १९२२ पासून सुगंधांच्या धंद्यात आहे. केळकर-वझे कॉलेजच्या नावातले 'केळकर' तेच! सुगंध बनवायला पॅरिसच लागतं असं थोडंच आहे?

आता खरं सांगायचं, तर ही 'एंजल'ची जुळी बहीण नाही. महागड्या परफ्युमचा वास तासातासाला रंग बदलतो. माझं अत्तर सकाळी व्हॅनिला, संध्याकाळीही व्हॅनिलाच. पण ते संपेल म्हणून मी थेंब मोजत नाही. दिवाळीच्या पहाटे, उटण्याच्या अंगानं, फडके रोडच्या गर्दीत शिरताना मनगटावर बिनधास्त फिरवते. कुणी ब्रँड विचारलाच, तर मान ताठ ठेवून सांगते, 'डोंबिवली ईस्ट!'