वाट्याला आलेली बंदूक

संगणकावर, टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर किंवा मोबाइलवर दोघा-चौघांनी मिळून खेळायचे जे नेमबाजीचे खेळ आहेत, त्यांतील एक मोठा प्रकार लुटीवर उभा आहे. या खेळांत शत्रू कोसळला की त्याच्या जागी काहीतरी पडते, कधी बंदूक, कधी चिलखत, कधी नुसत्या गोळ्या. पडलेली वस्तू उचलायची, जवळच्या वस्तूशी ताडून पाहायची, सरस असेल ती ठेवायची आणि तिच्या बळावर आणखी अवघड शत्रूला भिडायचे, हे चक्र म्हणजे या खेळांचा गाभा होय. त्यांच्याविषयी खेळाडू जे बोलतात ते बाहेरच्या माणसाला बंदुकांची कंटाळवाणी तुलना वाटते, परंतु काही काळ लक्ष देऊन ऐकल्यास त्या बोलण्याचा बराचसा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: कष्ट कोणी केले आणि वाट्याला कोणाच्या काय आले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेरसारख्या बाजारगावात १९९०च्या आसपास जन्मलेल्या पिढीला हा प्रश्न बालपणापासून आजपर्यंत निरनिराळ्या रूपांत भेटत आला आहे, आणि तिची मते समजून घ्यायची तर तो प्रवास सुरुवातीपासून पाहणे भाग आहे.

सुरुवात अर्थातच कॅसेटवाल्या टीव्ही गेमपासून होते. कोनामी या जपानी कंपनीचा 'कॉन्ट्रा' हा खेळ १९८७ साली नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांसाठी निघाला आणि पुढल्याच वर्षी घरगुती यंत्रांवर आला. भारतातील लहान गावांत तो बऱ्याच वर्षांनी, नकली यंत्रांसोबत मिळणाऱ्या शेकडो खेळांच्या कॅसेटमधून पोहोचला. दोन खेळाडू, दोन सैनिक, प्रत्येकी मोजके जीव आणि हवेतून तरंगत येणाऱ्या डब्या, ज्या फोडल्या की इंग्रजी अक्षर असलेले शस्त्र खाली पडे. त्यांतील 'एस' म्हणजे पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या पाच गोळ्यांची बंदूक. ती एकच पडे आणि जो आधी स्पर्श करी त्याची होई, त्यामुळे डबी फोडणारा एक आणि बंदूक नेणारा दुसरा, असे वारंवार घडे. धबधब्याच्या टप्प्यावर तर पुढे उडी मारणाऱ्याबरोबर पडदा वर सरके आणि मागे राहिलेला खालच्या कडेला अडकून मरे. सहकारी फार पुढे गेला तर तोच मृत्यूचे कारण ठरतो, हे या खेळाने कोणताही उपदेश न करता शिकवले. उलट, ज्याचे जीव संपले त्याला साथीदाराच्या शिलकीतून एक जीव घेऊन पुन्हा उभे राहता येई. या खेळातील लूट मात्र क्षणभंगुर होती: मेल्याबरोबर चांगली बंदूक जाई, आणि भारनियमनाची वेळ झाली की सगळाच खेळ जाई, कारण कॅसेटमध्ये काहीही साठवून ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून त्या वयातली भांडणेही दिवे गेल्याबरोबर मिटत.

लूट टिकू लागली आणि भांडणाचे स्वरूप बदलले. १९९६च्या अखेरीस आलेल्या 'डायब्लो' या तलवारी-जादूच्या खेळाने एक पद्धत रूढ केली: वस्तूचे गुण दरवेळी नव्याने, फासे टाकल्याप्रमाणे ठरायचे आणि तिची दुर्मीळता नावाच्या रंगावरून कळायची. ही पद्धत नेमबाजीला जोडून २००९ साली टेक्सासच्या गिअरबॉक्स कंपनीने 'बॉर्डरलँड्स' काढला. पांढरी बंदूक सामान्य, मग हिरवी, निळी, जांभळी आणि सर्वांत दुर्मीळ ती नारिंगी, हा क्रम पुढे इतका सर्वमान्य झाला की आज नवा खेळ हाती घेणाऱ्याला तो कोणी शिकवावा लागत नाही. शिक्षणासाठी धुळ्याला किंवा नाशिकला गेलेल्या पोरांना हे खेळ वसतिगृहातल्या उधारीच्या संगणकांवर भेटले. येथे मिळालेली बंदूक खेळ बंद केल्यावरही पोतडीत राहत होती, म्हणजेच ती मालमत्ता झाली होती. परंतु वाटणीचा नियम मात्र 'कॉन्ट्रा'चाच राहिला. चौघांनी मिळून मोठा शत्रू पाडला, तरी जमिनीवर पडलेली नारिंगी बंदूक एकच, आणि ज्याचा हात आधी पोहोचला त्याची.

याविषयी खेळाडूंत दोन तट होते आणि अजूनही आहेत. एका तटाच्या मते ही झटापट हाच खेळाचा जिवंतपणा आहे, कारण ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो अशाच माणसांबरोबर खेळावे हे त्यातून कळते. दुसरा तट म्हणतो की लढताना चौघे आणि उचलताना एकटा, ही सोबत नव्हे. २०१९च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 'बॉर्डरलँड्स ३'ने दोन्ही पर्याय देऊन टाकले: एका पर्यायात प्रत्येकाला फक्त त्याच्यासाठी पडलेली लूट दिसते, दुसऱ्यात जुनीच ओढाताण चालते. पहिल्या पर्यायामुळे खेळ मिळमिळीत झाला, ही तक्रार अनुभवी खेळाडू करतात; पण ती करणारे बहुधा चपळ हातांचे असतात, हेही लक्षात घ्यायला हवे.

वाटणीचा असा विचार पांझरेच्या खोऱ्याला परका नाही. पिंपळनेर याच नदीकाठी वसलेले आहे, जवळच लाटीपाडा धरण आहे आणि येथून साक्री-धुळ्याकडे जाणाऱ्या नदीच्या पात्रात जागोजागी जुने बंधारे आहेत, ज्यांच्यावर काही शतके फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याने अडवलेले पाणी पाटाने शेतांकडे न्यायचे, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे म्हणजे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पिकांची फेरपालट सगळ्यांनी मिळून ठरवायची, असे या व्यवस्थेचे ढोबळ स्वरूप. पाण्याची पाळी सांभाळायला गावाने नेमलेला पाटकरी असे, आणि कोणत्या हंगामात किती जमीन भिजवायची हे पंच ठरवत. या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी की शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असे; त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवण्याची वेळ आली, तर तूट एकाच्या माथी न बसता सगळ्यांत विभागली जाई. खेळ घडवणारे लोक आज ज्या न्याय्य वाटपासाठी धडपडत आहेत, त्याचा कस येथे खऱ्या दुष्काळात लागला होता. धरणे, विहिरी आणि पंप आल्यावर ही पद्धत बरीच मागे पडली, तरी पाळी चुकवून पाणी घेणाऱ्याविषयीचा राग या भागात आजही ताजा सापडतो, आणि मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांच्या रागाशी त्याचे नाते आहे असे मानायला जागा आहे.

लूट कोणाला मिळाली या प्रश्नाखेरीज ती कशी मिळाली, हा दुसरा प्रश्न. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चार्ल्स फर्स्टर यांच्यासह १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले होते की ठरावीक प्रयत्नांनंतर हमखास मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा केव्हा मिळेल याचा नेम नसलेले बक्षीस प्राण्याला अधिक चिकाटीने कामाला लावते. लुटीचे खेळ याच तत्त्वावर चालतात आणि खेळाडूंना ते पुरेपूर ठाऊक असते. त्यांचा आक्षेप दैवाला नसतो, दैवाने दिलेला शब्द फिरवण्याला असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१४च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या, बंजी कंपनीच्या 'डेस्टिनी'चे. त्यात शत्रूकडून बंद गोळे मिळत, ते शहरातल्या राहूल नावाच्या पात्राकडे नेऊन उघडून घ्यावे लागत, आणि जांभळ्या गोळ्यातून पुष्कळदा साधी निळी वस्तू निघे. रंग हे वचन आहे अशी समजूत झालेल्या खेळाडूंना ही उघड फसवणूक वाटली, आणि त्या बिचाऱ्या काल्पनिक पात्रावर जगभरातून शिव्यांचा पाऊस पडला. त्याच सुमारास काहींना एक गुहा सापडली, जिच्या तोंडाकडे दूर उभे राहून नुसत्या गोळ्या झाडत राहिले की शत्रू पुन्हा पुन्हा बाहेर येत आणि लूट साचत जाई. असंख्य खेळाडू तासन्तास एका अंधाऱ्या भोकाकडे बंदुका रोखून उभे राहिले. खेळ म्हणून त्यात काहीही नव्हते, तरी लोक उभे राहिले, कारण तिथे निदान हिशेब चोख होता. कंपनीने काही आठवड्यांतच गुहा बंद केली आणि जांभळ्या गोळ्यातून किमान जांभळेच निघेल असा बदलही केला. दोन्ही निर्णय योग्य होते, पण खेळाडूंनी तोंड उघडले नसते तर दुसरा इतक्या लवकर झाला नसता.

यानंतरची कथा मात्र खेळाडूंच्या मतांना फार सरळ मानू नये असे सांगते. २०१७च्या 'डेस्टिनी २'मध्ये कंपनीने दैव जवळजवळ काढून टाकले: एका नावाच्या बंदुकीचे गुण प्रत्येकाकडे तंतोतंत सारखे. आता तक्रारीला जागा नव्हती, आणि तरीही तक्रार झाली, कारण एकदा मिळालेली बंदूक दुसऱ्यांदा मिळण्यात काही अर्थच उरला नाही. पुढल्याच वर्षी गुण पुन्हा फाशांवर सोपवले गेले. खेळाडूला समान वाटा हवा असतो आणि आपला वाटा निराळाही हवा असतो. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात म्हणून त्यांपैकी एक खोटी ठरत नाही.

पिंपळनेरमध्ये हा सगळा वाद घराघरांत पोहोचला तो मोबाइलमुळे. २०१६च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१८च्या मार्चमध्ये 'पबजी मोबाइल' आला. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, रिकाम्या घरांत शस्त्रे शोधतात आणि शेवटपर्यंत उरणारी चौघांची तुकडी जिंकते. काटेकोर वर्गीकरणात हा लुटीच्या सहकारी खेळांत बसत नाही, कारण समोर माणसेच असतात आणि डाव संपला की उचललेले सगळे नाहीसे होते. परंतु चौघांच्या आतला व्यवहार पूर्णपणे तोच आहे. तो जवळून पाहण्याजोगा असतो. संध्याकाळी कांद्याच्या गाड्या गेल्यावर ओट्यावर पोरे बसलेली असतात, चार मोबाइल, चौघांच्या कानांत वायर, आणि शेजारी बसलेल्यालाही आवाज खेळातूनच ऐकू यावा अशी सगळी मांडणी. कोणीतरी अहिराणीत ओरडतो, "आठे स्कोप पडेल शे, कोनले जोयजे?" स्कोप म्हणजे दूरचे दिसण्यासाठी बंदुकीला लावायची दुर्बीण. ती ज्याची नेमबाजी चांगली त्याला जाते, पट्ट्या-औषधे ज्याची ऊर्जा घटली त्याला, आणि विमानातून लाल धूर सोडत उतरलेल्या पेटीत एडब्ल्यूएम ही दुर्मीळ बंदूक निघाली, तर तिच्यासोबतच्या मोजक्या गोळ्या वाया घालवणार नाही असा जो असेल त्याला. हा क्रम कोणत्याही नियमावलीत नाही. न विचारता सगळे स्वतःच उचलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तुकडीत घेत नाहीत, एवढीच शिक्षा, आणि ती पुरते.

या खेळातही टिकाऊ मालमत्ता होती, पण ती बंदुकीच्या ताकदीत नसून पोशाखांत आणि बंदुकीवरच्या नक्षीत होती, आणि तिचा काही भाग पैसे देऊन पेट्या उघडल्यानेच मिळे. पैसे घेऊन नशीब विकण्याची ही रीत बेल्जियमने २०१८ सालीच जुगार ठरवली. अल्पवयीन मुलांच्या हातांत असलेल्या खेळात ती असू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण दिसत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, तीत पबजी गेला. २०२१च्या जुलैत त्याचा भारतीय अवतार आला, जुनी मालमत्ता तिकडे वळवून घेण्याची सोयही मिळाली, पुढल्या जुलैत तोही दुकानांतून उतरवला गेला आणि २०२३च्या मे महिन्यात परतला. साठवलेले आपले असते की नुसते आपल्याकडे ठेवायला दिलेले असते, हा प्रश्न या पिढीला तेव्हा प्रथम पडला. 'डेस्टिनी २'ने तर २०२०च्या नोव्हेंबरात लोकांनी विकत घेतलेले अख्खे कथाभागच खेळातून काढून ठेवले होते.

आता त्या पिढीने पस्तिशी गाठली आहे. कोणी सुरतेला, कोणी नाशिक-पुण्याला नोकरीत आहे, कोणी गावातच दुकान किंवा शेती पाहतो, आणि चौघे एकत्र येतात ते रात्री, मुले झोपल्यावर, इंटरनेटच्या तारेने. या वयातील मतांत बंदुकीपेक्षा वेळेचा उल्लेख अधिक असतो. रोज हजेरी लावल्याशिवाय मागे पडायला होते असा खेळ नकोसा होतो. ज्याला आठवड्यातून एकदाच सवड मिळते त्याची पातळी, म्हणजे खेळातील बळाचा आकडा, इतरांच्या मागे राहते. 'बॉर्डरलँड्स २'च्या काळात असा मित्र सोबत येऊन उपयोगच नसे, कारण समोरचे शत्रू त्याला एका फटक्यात पाडत आणि मित्रांनी दिलेली भारी बंदूक ती पातळी गाठेपर्यंत त्याला हातात धरता येत नसे. तिसऱ्या भागाने प्रत्येकाला त्याच्या पातळीचे शत्रू आणि त्याच्या पातळीची लूट देऊन ही अडचण सोडवली, आणि प्रौढ खेळाडू त्या खेळाची कथा फसली असे म्हणत असतानाही त्याला सोडत नाहीत, याचे कारण हेच असावे. 'डेस्टिनी'मध्ये मात्र आजही एक वस्तू दुसऱ्याला देता येत नाही. खरेदी-विक्रीचा काळा बाजार टाळण्यासाठी हा निर्बंध असू शकेल. तरी ज्या खेळात मित्राला बंदूक देता येत नाही तो सोबतीचा खेळ म्हणून अपुराच आहे.

डेन्मार्कच्या घोस्ट शिप गेम्सने 'डीप रॉक गॅलॅक्टिक'मध्ये, आणि २०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या 'हेलडायव्हर्स २'ने त्यातील नमुन्यांच्या बाबतीत, निराळा मार्ग धरला आहे. खाणीतले खनिज कोणीही फोडो, ते तुकडीच्या नावे जमा होते. 'हेलडायव्हर्स २'मध्ये परक्या ग्रहावर गोळा केलेले नमुने वाहणारा मेला तर ते तिथेच सांडतात. दुसऱ्याने ते उचलून परतीच्या यानात नेले, तर चौघांनाही पूर्ण मिळतात, त्यांत जो आधीच पडला त्यालाही. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला, यान उतरलेले असताना आणि शत्रू चहूकडून येत असताना, कोणीतरी एकजण मागे वळून मेलेल्या मित्राच्या जागेकडे धावतो आणि उरलेले दोघे त्याच्यासाठी दार अडवून धरतात.