मोडण्याची मौज

काही घडवण्यात माणसाला आनंद होतो, असं आम्ही शिक्षक मुलांना वर्षानुवर्षं सांगत असतो. पण मोडण्यातही एक आनंद असतो, आणि घडवण्याच्या आनंदाहून तो धाकटा मुळीच नाही, हे कोणत्याच क्रमिक पुस्तकात लिहिलेलं नसतं. दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात. माती कालवतात, मोहरी पेरतात, मावळे मांडतात, माथ्यावर महाराजांना बसवतात. चार दिवस त्या किल्ल्याचं कोण कौतुक चालतं! आणि दिवाळी सरली, की तीच मुलं त्याच किल्ल्याच्या बुरुजाखाली फटाका पुरतात आणि कानांत बोटं घालून उभी राहतात. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पसरतो, तो किल्ला बांधतानाही दिसलेला नसतो. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. वात पेटवण्यापूर्वी महाराज आणि मावळे अलगद उचलून घरात नेलेले असतात.

हे सुचायला कारण झाला माझ्या भाच्याचा एक खेळ. 'बर्नआउट' हे त्याचं नाव. इंग्लंडातल्या गिल्डफर्ड गावच्या क्रायटेरिअन गेम्स या मंडळींनी २००१ साली त्याचा पहिला भाग काढला. मोटारींच्या शर्यतीचे खेळ पुष्कळ आहेत. पण त्यांत धडक झाली म्हणजे डाव बिघडला असं समजतात. इथे सगळाच न्याय उलटा. धडक हाच इथला सोहळा! २००२ साली निघालेल्या दुसऱ्या भागात तर 'क्रॅश मोड' नावाचा एक स्वतंत्र प्रकारच आला. वाहत्या चौकात आपली मोटार भरधाव नेऊन घालायची. मग मोटारीवर मोटार, मोटारीवर ट्रक, ट्रकवर बस असा ढीग रचत जातो, आणि झालेलं नुकसान डॉलरांत मोजून तुमच्या नावावर जमा होतं. नुकसान जमेच्या बाजूला मांडणारी ही एकच वही मी पाहिली आहे!

२००४ च्या तिसऱ्या भागाचं नाव 'टेकडाउन'. प्रतिस्पर्ध्याला ढकलून भिंतीवर घालणं, हे त्यातलं मोठं पुण्यकर्म. आपण स्वतःच आदळलो, तरीही हातपाय गाळायचे नाहीत. काळ मंदावतो, आणि हवेत भिरभिरणारं आपलं धूड वळवून मागून येणाऱ्या शत्रूच्या वाटेत टाकता येतं. पडता पडता शत्रूलाही घेऊन पडणं पूर्वी पोवाड्यांतल्या वीरांनाच साधत असे!

खरं सांगायचं तर, कादंबरीकार म्हणून मला या मंडळींचं कौतुक वाटतं. जो प्रसंग वाचकाच्या मनात राहावा असं वाटतं, तिथे लेखणीचा वेग कमी करावा लागतो, हे मला दहा-बारा वर्षं लिहिल्यावर उमगलं. या खेळात सारं काही वाऱ्यासारखं पळत असतं; पण धडक झाली, की सगळं संथ होतं. काच शिंपडल्यासारखी उडते, पत्रा कागदासारखा चुरगळतो, चाक एकटंच घरंगळत जातं. लिहिणाऱ्याने शिकावं असं ते आहे.

तरी माझी एक तक्रार आहे. २००८ साली 'पॅरडाइज' हा भाग आला. २०१८ साली त्याला नवी झिलई देण्यात आली, आणि तोच भाचा सध्या खेळतो. त्यात एक अख्खं शहर मोकळं टाकलं आहे. हवं तिकडे जा. पण ते जुने चौक मात्र गेले. त्यांच्या जागी जो प्रकार आला, त्यात आपली मोडकी मोटार रस्त्यावरून चेंडूसारखी उसळत राहते. जुन्या चौकात एक कोडं असे. बस केव्हा येईल, टँकर कुठून वळेल, नेमकं कुठे घाव घातला म्हणजे सारा चौक कोसळेल, याचा बुद्धिबळासारखा विचार करावा लागे. मोडण्याचीही एक कला आहे, आणि तिला अंगण लहानच हवं, असं माझं मत आहे.

भाच्याला मी विचारलं, "अरे, एवढ्या गाड्या फोडतोस, आतल्या माणसांचं काय होतं?"

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मामा, गाडीत कुणी नसतंच."

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच! चाकामागे कुणी नव्हतं. पदपथावर कुणी नव्हतं. एवढं झगमगतं शहर, पण त्यात एकही माणूस नाही. सगळ्या मोटारी रिकाम्या!

हा रिकामेपणा मला आवडला. १९७६ साली अमेरिकेत एक्झिडी नावाच्या कंपनीने 'डेथ रेस' म्हणून एक यंत्र काढलं होतं. काड्यांसारख्या आकृत्या पडद्यावर पळत, त्यांना मोटारीखाली घ्यायचं. किंकाळी उमटे आणि तिथे क्रूस उभा राही. ती माणसं नव्हेत, भुतं आहेत, असा खुलासा झाला. पण लोक खवळायचे ते खवळलेच. 'बर्नआउट'ने त्याच्या अगदी उलट केलं. किल्ला उडवणाऱ्या पोरांसारखं त्याने आधी मावळे उचलून घरात नेले, आणि मग वात पेटवली.

पण रिकामी जागा मी दुसरीकडेही पाहिली आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा सायकलवरून शाळेला येत होता. पुढचं वळण गाठायला किलोमीटरभर जावं लागतं, म्हणून एक जीप उलट्या बाजूने आली. हजेरी घेताना त्याच्या नावाशी माझा आवाज अडखळे. आणि खिडकीजवळच्या त्याच्या जागेवर पोरं वर्षभर बसली नाहीत. मी त्यांना बसा म्हटलंही नाही. २०२२ या एका सालात आपल्या देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं सरकारी अहवाल सांगतो. आकडा मोठा आहे. मला मात्र त्यातला शेवटचा एकच दिसतो.

असले खेळ मुलांना बिघडवतात, असं आमच्या शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून निघतं. मला ते पटत नाही. 'बर्नआउट'मध्ये समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने गाडी हाकली, की बक्षीस म्हणून जादा वेग मिळतो, हे खरं. पण ती जीप चालवणारा गृहस्थ पन्नाशीचा होता. त्याला कोणत्याही खेळाने शिकवलं नव्हतं. त्याचं बक्षीस एक किलोमीटरचं होतं. समोरच्या सायकलवर कुणी नाहीच, अशा समजुतीने तो निघाला होता. खेळणारा पोरगा जाणतो, की गाडी रिकामी आहे. रस्त्यावरचा प्रौढ माणूस ती रिकामी धरून चालतो.

पुढल्या वर्षी भाचा अठरा पुरा करील आणि लायसन्स काढायला जाईल. नियमांचं पुस्तक तो घडाघडा पाठ करील, खुणाही ओळखील, हुशार आहे. खेळ सोड, असं मी त्याला सांगणार नाही. खुशाल चौक उडव म्हणावं! फक्त गाडीची किल्ली त्याच्या हातात देताना, त्याने मला सांगितलेलं वाक्य एक शब्द बदलून त्याला परत देणार आहे: "बाळ, गाडीत कुणी असतंच."