भाकड गाईचे देणे

गाईवर निबंध लिहावयास सांगितला की झरी जामणीकडील आमचे विद्यार्थी दुधावरून दही-लोण्याकडे आणि तेथून शेणापर्यंत येऊन थांबतात. गाय म्हातारी झाल्यावर तिचे काय होते, हे सहसा कोणी लिहीत नाही. त्यांस ते ठाऊक नसते असे मात्र नव्हे; पुष्कळांच्या गोठ्यात ते डोळ्यांदेखत घडत असते.

गाईचे नैसर्गिक आयुष्य सुमारे २० वर्षांचे. गावठी गाय चौथ्या वर्षाच्या सुमारास प्रथम विते आणि बारा-तेरा वर्षांची झाली की बहुधा भाकड होते. पाश्चात्त्य देशांतील मोठ्या दुग्धशाळांत पुढचा प्रश्नच उरत नाही. तेथे दूध उतरलेली गाय पाच-सहा वर्षांची असतानाच खाटिकखान्याकडे जाते. तेथील गोपालक आपल्याहून निर्दय असतात, असे मला वाटत नाही. त्यांच्या वहीत गाईच्या वार्धक्याचे पानच नाही, इतकेच.

पैनगंगेच्या बाजूस एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो असता त्याच्या आईने मला सोळा वर्षांची गाय दाखविली. चार वर्षांपासून ती भाकड होती. “हिच्या दुधावर माहे तीन लेकरं वाढले, गुरुजी. आता इले कोन्त्या तोंडानं इकू?” त्या माउलीचे शब्द ऐकून मन भरून आले, परंतु तिच्या यजमानांची नजर कुटाराच्या ढिगावर होती, हेही मी पाहिले. लहान चणीच्या गाईसही दिवसास पाच-सहा किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वर्षास सुमारे २० क्विंटल. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घरास ही कृतज्ञता तोलूनमापूनच द्यावी लागते.

महाराष्ट्रात गाईची हत्या १९७६ च्या कायद्याने निषिद्ध झाली. २०१५ साली बैल व वळू यांचाही त्यात समावेश झाला आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेविली. तत्पूर्वी थकलेला बैल विकून, त्यात भर घालून नवा घेण्याची रीत होती. आता गिऱ्हाईक नाही आणि घरी वैरणही नाही, अशांची काही जनावरे मोकळी सुटतात व रात्री दुसऱ्याच्या पिकात शिरतात. त्यांस सोडून देणारा इसमही पोळ्यास बैलाच्या पाया पडलेलाच असतो. २०२४ साली राज्य शासनाने देशी गाईस राज्यमाता म्हटले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज ५० रुपये अनुदान ठरविले. परंतु ते गोशाळेस, उपर्युक्त माउलीच्या गोठ्यास नव्हे.

मी ख्रिस्ती असल्याने या विषयापासून दूर राहावे, असे काही स्नेही सुचवितात. गाईस मी देवता मानीत नाही, हे खरे. तथापि मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्राचीच आज्ञा आहे. राबणाऱ्यास त्याचा वाटा राबत असतानाच मिळावा, असा तिचा अर्थ मी घेतो. राबून थकल्यानंतरचा वाटा मात्र मी या शेजाऱ्यांच्या गोठ्यात पाहिला. वर्ध्याजवळ नालवाडीस गांधीजींच्या सहकाऱ्यांनी आपोआप मेलेल्या जनावरांचेच कातडे कमावण्याचा उद्योग चालविला होता, त्याच्या मुळाशीही हाच विचार होता: गाय आपल्या मरणाने मरावी आणि तिचा धनीही बुडू नये.

दूध पिणारे आपण सर्वजण मात्र या हिशेबाबाहेर राहतो. म्हणून यंदा आठवीच्या वर्गास मी एक उदाहरण घातले. एका गाईची आठ वेते झाली, प्रत्येक वेतास ५०० लिटर दूध निघाले, पुढे सहा वर्षे ती भाकड राहिली. कुटाराचा भाव क्विंटलास ३०० रुपये धरला, तर तिच्या म्हातारपणाचा भार लिटरमागे किती? उत्तर ९ रुपये येते. ज्यांची जनावरे रानात चरतात त्यांनी भाव कमी करून मागितला. एका मुलीने शेणखताची किंमत जमेस धरून उत्तर बरेच खाली आणले. मागच्या बाकावरील मुलाच्या घरी संकरित गाई आहेत. त्यांच्या गोऱ्ह्यांस वशिंड नसल्यासारखेच, आणि आमच्या उन्हात ते औतास टिकत नाहीत. त्याने उभे राहून विचारले, “सर, गोऱ्हा जमेस लिहावयाचा की खर्चास?” त्यावर वर्गात जो वाद सुरू झाला, तो घंटा होईपर्यंत मिटला नाही.