सरड्याची धाव कुंपणापलीकडे

केनियाला जाणारा प्रत्येक जण सिंह शोधत असतो. तुम्ही माऊंट केनियाच्या उतारावर गेलात, तर थोडा वेळ शेजारच्या झुडपाकडेही बघा. पानांमध्ये तीन शिंगं दिसली, की समजा, जॅक्सन शॅमेलिऑन भेटला!

विषुववृत्त इथून जातं, तरी साधारण १,६०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या या ओल्या जंगलात रात्री हुडहुडी भरते. म्हणून सकाळी हा सरडा गडद रंगाचा होऊन ऊन खात बसतो. (आपण उगाच समजतो, की तो मागचा रंग बघून तसा होतो. ऊब, भीती, राग, सगळं तो अंगावरच दाखवतो.) तीन लांब शिंगं ही नराची खूण. फांदीवर दोन नर समोरासमोर आले, की शिंगांनी ढकलाढकली सुरू!

मला मात्र मादीचं जास्त कौतुक वाटतं. बहुतेक शॅमेलिऑन मातीत अंडी घालतात. पण इतक्या थंडीत मातीतल्या अंड्यांना ऊब कुठून मिळणार? ही पाच-सहा महिने पिल्लं पोटातच वाढवते, स्वतः उन्हात बसून त्यांना ऊब देते. जन्मलेलं पिल्लू पातळ पडद्यातून बाहेर येतं आणि लगेच चालू लागतं.

आपल्याकडे म्हणतात, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. याची धाव थेट हवाईपर्यंत गेली, तीही माणसामुळे. १९७२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या एका दुकानासाठी काही डझन सरडे केनियाहून ओआहू बेटावर आणले. प्रवासाने ते अगदी रोडावले होते. जरा सावरू देत, म्हणून त्यांना बागेत मोकळं सोडलं. हेतू दयेचाच होता हो! पण तिथलं डोंगरी जंगलही ओलं आणि गार. सरडे पसरले आणि जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या, आधीच मोजक्या उरलेल्या झाडांवरच्या गोगलगायी खाऊ लागले. केनियाने १९८१ मध्ये निर्यात थांबवली, पण तोवर उशीर झाला होता.

आमच्या गावी घोयरा सरडा दिसला, की लोक काठी शोधतात. विषारी म्हणे! तो विषारी नसतो. केनियातही अनेकांना शॅमेलिऑन अपशकुनी वाटतो, त्यामुळे त्याला हात लावायला कोणी धजत नाही. तेवढीच त्याची सुटका!

दिवसा सापडला नाही, तर रात्री वाटाड्यासोबत टॉर्च घेऊन निघा. झोपलेला शॅमेलिऑन उजेडात फिकट दिसतो, शेपटीची गुंडाळी करून फांदीला घट्ट धरलेला. उचलू नका. झोपू द्या त्याला.