मुंबईला जाताना

दादांना मुंबईच्या इस्पितळात ठेवले होते. भेटीची वेळ सहापर्यंतच. करी रोडला उतरायचे एवढे घोकून मी कल्याणला लोकल पकडली. फलाटावर कुणाला विचारले तर खेडवळ दिसू, म्हणून गप्प राहिलो. गाडी निघाली जलद! दादरनंतर करी रोडची पाटी सर्रकन मागे गेली. उतरलो तो भायखळ्याला. धीम्या गाडीने परतलो, तोवर सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. दार बंद.

तेव्हा मित्रहो, मुंबईला गेलात तर इंडिकेटरवर केवळ शेवटचे स्थानक पाहू नका. गाडी जलद की धीमी तेही पाहा. करी रोड, चिंचपोकळीला धीमीच थांबते. साधे तिकीट असेल तर पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरू नका. उतरण्याआधी एक स्थानक दाराकडे सरका. फलाट कोणत्या बाजूला येईल, तेही विचारा. कुणी 'व्हीटी' म्हणाले, तर ते १९९६ साली नाव बदललेले छत्रपती शिवाजी टर्मिनसच समजा. २०१७ पासून त्यात 'महाराज'ही आले आहे.

आणि विचारायला लाजू नका. दुसऱ्या दिवशी दादा रागावले नाहीत. "काल तासभर दाराकडंच बघत होतो," एवढेच म्हणाले.