मागच्या प्रदर्शनाची शिल्लक

प्रिय सोनू,

तुझी यादी वाचली. म्युझिऑलॉजीच्या वर्गात बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या हॉलसाठी वर्षभराची आखणी करायला दिली, आणि तू ती सगळ्यात आधी आत्याला धाडलीस, म्हणून आधी खूश झाले आणि मग लाल पेन हातात घेतलं. छापचित्रं, माजी विद्यार्थ्यांची रेखाटनं, मातीकाम, छायाचित्रं आणि शेवटी वार्षिक प्रदर्शन. एकेक विषय चांगला आहे. पण तू प्रत्येक प्रदर्शन सुटं धरलंयस. एक उतरलं की विषय संपला, दुसरं कोऱ्या भिंतीवर सुरू. तिथे माझं तुझ्याशी जमत नाही.

मी काही कलेची विद्यार्थिनी नव्हे. दांडिया बाजारात वाढले, कॉमर्सला गेले, जन्मभर हिशेब लिहिले. तुमच्या फॅकल्टीच्या पुष्पबागेत शिरायचे ती मैत्रिणीला गाठायला. तिचा वर्ग सुटेपर्यंत प्रदर्शनात उभी राहायचे, कारण बाहेर ऊन असायचं. चित्रं बघायला म्हणून मी कधी गेलेच नाही; तरी वर्षभर जे जे लागलं ते नजरेखालून गेलं. उद्घाटनाचे पाहुणे एक प्रदर्शन बघतात, चित्रकार बहुतेक आपलंच बघतो. अख्खा हंगाम बघतात ते शिपाई, झाडलोट करणाऱ्या बाई आणि माझ्यासारखे रेंगाळणारे. मुंबईला जहांगीरमध्येही आठवड्या-आठवड्याला प्रदर्शनं बदलतात, पण तिथे माणूस बहुधा ठरवून जातो. कॉलेजात तो जाता-येता बघतो, आणि म्हणून त्याला एकेका चित्रापेक्षा क्रम जास्त शिकवतो.

खातेवहीत पान भरलं की बेरीज पुढच्या पानावर ओढतात. डोळ्यांचंही तसंच असतं. भूपेन खख्खर तर माझ्याच धंद्यातले. चार्टर्ड अकाउंटंट, बडोद्यात हिशेबाची नोकरी सांभाळून चित्रं काढायचे. त्यांचा न्हावी, त्यांचा घड्याळ दुरुस्त करणारा, ते भडक रंग! आणि त्याच गावात नसरीन मोहम्मदी. १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत त्या तुमच्याकडे शिकवत होत्या. कागदावर शाईच्या आणि पेन्सिलीच्या बारीक रेघा, माणूस नाही, वस्तू नाही. ही दोन माणसं पाठोपाठ लावून बघ. खख्खरांचं दुकान डोळ्यांत असताना त्या रेघांसमोर उभं राहिलं की चित्रातून किती काय काय काढून टाकता येतं ते कळतं. क्रम उलटा केलास तर धडा बदलतो: मग त्या दुकानातल्या फळ्यांच्या आणि दारांच्या आडव्या-उभ्या रेघा आधी दिसायला लागतात. एकही अक्षर भिंतीवर लिहावं लागत नाही.

१९५० साली फॅकल्टी निघाली तेव्हा चित्रकला शिकवायला बेंद्रे आले, इंदूरचे मराठी. आपली शैली त्यांनी विद्यार्थ्यांवर लादली नाही, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. आता ही गोष्ट एका प्रदर्शनात कशी दाखवशील? त्यासाठी एकाच गुरूचे शिष्य एकामागून एक यायला हवेत, आणि बघणाऱ्याला आधीचा आठवायला हवा.

आता हवामान. तू छापचित्रं जुलैत टाकलीस! पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो, फ्रेमच्या आत बुरशी धरते. जुलैत भाजलेली माती लाव, तिला दमटपणाचं भय नाही. के. जी. सुब्रमण्यन यांनी टेराकोटाची उठावशिल्पं केली त्या गावात हंगामाची सुरुवात मातीनेच झालेली शोभेल. कागद नवरात्रानंतर काढ. नवरात्रात नको, रात्रभर गरबा खेळून सकाळी कोण येणार? त्यातही जुन्या रेखाटनांना सर्वांत कमी दिवस दे. कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या वर उजेड नको, हे तुम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं असेल. पण कमी उजेडातही नुकसान साठतच जातं, आणि उडालेला रंग परत येत नाही. प्रदर्शनं बदलती ठेवायची ती लोकांना कंटाळा येऊ नये एवढ्यासाठीच नव्हे. कागदालाही काळोखात विश्रांती लागते. उत्तरायणाच्या आठवड्यात काहीच लावू नकोस, सगळं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं. ते दिवस उतरवाउतरवीला ठेव.

आणि उतरवताना दाराला 'बंद'ची पाटी अडकवू नकोस. दोरी ताणून पाच फुटांवर चित्रांचे मध्य कसे जुळवतात, खिळ्यांची भोकं पुट्टीने कशी बुजवतात, दोन चित्रांत किती जागा सोडायची यावर दोघं कसे भांडतात, हे बाहेरच्या पोराला बघू दे. फाइन आर्ट्स फेअर १९६१ मध्ये सुरू झाली; तिच्यात मास्तर आणि विद्यार्थी मिळून खेळणी बनवत आणि गावाला विकत. हात कसे चालतात ते दाखवण्यात तुमच्या लोकांनी कधी कमीपणा मानला नाही. तूही मानू नकोस.

तेव्हा यादी पुन्हा कर, आणि या वेळी तीन रकाने आख: काय, केव्हा आणि कशानंतर. तिसरा रकाना भरता आला नाही, तर ते प्रदर्शन कितीही चांगलं असलं तरी पुढच्या वर्षाला ढकल. वार्षिक प्रदर्शन शेवटीच येणार, त्याला इलाज नाही. पण त्याच्या आधी काय लावतेस यावर मी तुला मार्क देणार आहे.

तारखा पक्क्या झाल्या की कळव. उद्घाटनाला मी येणार नाही, भाषणं सोसत नाहीत. दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत येईन, दोरीचं एक टोक धरीन. शेव-उसळ मात्र तू खिलवायचीस.

तुझी,
आत्या